बाईंनी दोनदाच विचारलं

माघ शु. ५, सोमवार

सुनेला, गोदाला, बोलावणं आलं. पोस्टमन मळ्यातच आला. मी मेथी खुडत होतो, हात चिखलाचे, म्हणून लखोटा त्यालाच फोडायला लावला. मागून वाटलं, आपणच फोडायला पाहिजे होता.

मजकूर: पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी अकराला बुलढाण्यास कमिटीपुढे हजर राहावे. जिल्ह्यातल्या दोन बायका निवडून नागपूरला शिकायला पाठवणार. राहणं, खाणं सगळं कमिटीकडून. शिकून आल्यावर जिल्ह्यातच नोकरी. विधवांचा विचार आधी.

घरी गेलो. गोदा चुलीपुढं होती. मी मोठ्यानं वाचायला लागलो तर म्हणते, "आना इकडं मामाजी, मले येते ना वाचता." खरंच की. मीच तर शिकवलं.

वाचून झाल्यावर कागद घडी करून फडताळात ठेवला आणि भाकर उलटली. 

माघ शु. ७, बुधवार

गोदाच्या भावाचा, किसनचा, वरवट बकालहून निरोप आला. "होळीपर्यंत पाहतो. काही जमलं नाही तर बहिणीले घेऊन जातो." त्याची चार लेकरं, बायको सदा आजारी. त्याला बहिणीची माया आहे हे खोटं नाही, आणि घरात राबायला दोन हात पाहिजेत हेही खोटं नाही.

माझ्या मुलाला, शामला, जाऊन दोन वर्षं झाली. ज्वरानं पाच दिवसांत गेला. तेव्हापासून घरात मी आणि ही. मी सहासष्टचा. खोकला आता पाहुणा राहिला नाही, घरचाच झाला. माझ्या माघारी पुतणे हिला मळ्याच्या बांधावर उभी राहू देणार नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं जाणतो. तिच्या हाताला काही लागलं पाहिजे, तेही मी आहे तोवर.

आज उजळणी घेतली. पाढे पाठ. पावकीत एकदा अडखळली, स्वतःच सुधारली. वऱ्हाडातल्या नद्या. वर्तमानपत्राचा अर्धा कागद घडाघडा वाचला. मास्तरीण होईल तर अशी होईल! आमच्या जानेफळच्या शाळेत खुर्चीवर बसलेली दिसायला लागली मला.

तिसाव्या वर्षी मी शिकलो. तेव्हाच्या हेडमास्तरांच्या घरी रोज कोथिंबिरीची जुडी टाकायचो, ते एक अक्षर द्यायचे. बायको हसायची, म्हणायची, पाटीभर भाजी गेली तेव्हा कुठं हे 'क्ष'ला पोचले. शाळेच्या आत पाय ठेवायचं काही जमलं नाही.

माघ शु. ११, रविवार

आज रीत शिकवली. नुसतं लिहिणं-वाचणं येऊन भागत नाही. मोठ्या माणसांपुढं कसं बोलावं हे यायला पाहिजे.

म्हटलं, "थे इचारतीन, बाई, तुले कोणतं काम पायजे? तं एकदम तोंड उघडून मागायचं नाई. पंगतीत कसं करतो आपण? वाढपी आला, पहिल्यांदा नोको. दुसऱ्यांदा आला, हात आडवा. तिसऱ्यांदा आग्रह झाला का मंग घ्यायचं. तसंच. पहिल्यांदा म्हन, आपली मर्जी. दुसऱ्यांदा म्हन, आपण द्याल थे. तिसऱ्यांदा इचारलं का मंग मनातलं सांग."

"आन् तिसऱ्यांदा इचारलंच नाई तं?"

"मोठी मानसं हायेत, गोदे. इचारतात."

"मेथीच्या भाजीले कोनी तिसऱ्यांदा इचारते काय मामाजी? पुरणपोळीले इचारतात."

हसलो दोघंही. किती दिवसांनी हसली. तिच्या बोलण्यात काय होतं ते मला तेव्हा

(इथं दिवा लावायला उठलो, राहून गेलं.)

माघ शु. १४, बुधवार. बुलढाणा

सकाळच्या मोटरीनं निघालो. मेहकरला बदलली, चिखलीवरून संध्याकाळी इथं. धर्मशाळेत उतरलो. घाटावरची हवा गार. गोदाला मोटर लागली, तरी मोसंबीची फोड माझ्याच हातात देते.

लुगडं धुऊन, घडी करून, उशाखाली दाबून ठेवलं तिनं. कुंकू नाही, बांगड्या नाहीत, नटायचं तर काहीच नाही. घडी मात्र नीट पाहिजे.

पौर्णिमा, गुरुवार

झालं.

क्रमानं लिहितो, नाहीतर डोक्यातच घोळत राहील.

लांब ओसरी. बाकावर आठ-दहा बायका, बरोबर कुणाचा बाप, कुणाचा भाऊ. आत तिघं. एक म्हातारे वकील, एक शाळाखात्यातले साहेब, एक डॉक्टरीणबाई. दार उघडंच. मी दाराजवळच्या बाकावर, सगळं ऐकू येत होतं.

गोदाच्या आधी देऊळगावकडची एक बाई गेली. आवाज असा, रस्त्यावर ऐकू जावा. "मले मास्तरीणच व्हायचं हाय. दुसरं काई देसान तं मी नाई घेत." आत हशा. मी मनात म्हटलं, काय ही बाई, घरच्यांनी काही सांगितलं नाही का हिला.

मग गोदा. वाचायला दिलं, वाचलं. गणित विचारलं, बरोबर. वकील म्हणाले, "शिकलीस कुठं?" "सासऱ्यानं शिकवलं." "सासऱ्यानं?" असं दोनदा झालं. माझी छाती फुगली, लपवत नाही.

मग डॉक्टरीणबाई. आवाज शांत. "गोदाबाई, सगळं तुमच्या मनासारखं होणार असतं, तर कोणतं काम मागितलं असतं?"

"आपली मर्जी."

"माझी राहू द्या. तुमची सांगा."

"आपण द्याल थे."

शिकवलं तस्संच. सूरही तोच. मी बाहेर मान हलवत होतो, हं, आता तिसरं. आता विचारतील. आता सांगेल.

"बरं," बाई म्हणाल्या. टाक दौतीत बुडवल्याचा आवाज. "या तुम्ही."

खुर्ची सरकली. शिपायानं पुढलं नाव पुकारलं.

मला उठता आलं असतं. दार उघडं होतं, चार पावलं. जोडे काढून उंबऱ्यावरून म्हणता आलं असतं, बाई, अजून एकवार विचारा. पण बसून राहिलो. मोठ्या लोकांत मधे कसं बोलावं म्हणून.

गोदा बाहेर आली. "झालं मामाजी. चाला."

वद्य १, शुक्रवार

घरी.  घरी येऊन पदर खोचला आणि कांद्याला पाणी द्यायला गेली. मोट मी हाकली. पाणी कुठल्या वाफ्यात जातं याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. मिरचीत तळं झालं.

वद्य ४, सोमवार

शेजारचा तुकाराम विचारतो, "काय म्हने बुलढानं?" म्हटलं, "थंडी लय होती."

वद्य ८, शुक्रवार

आज विचारलं. कांदे निंदत होतो, ती त्या अंगाला, मी या.

"तिसऱ्यांदा इचारलं असतं, तं मास्तरीणच म्हनली असती ना?"

विळ्यानं तण काढत राहिली. पुरी एक ओळ संपली.

"नाई मामाजी."

"मंग?"

"थ्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली बाळंतपनाचं काम शिकवा म्हनली असती."

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की विटाळाचं काम. आपल्या घरची सून लोकांच्या बाळंतिणींच्या बाजा धरणार? तोंडातून निघालं फक्त, "काऊन वं?"

"आपलं बाळ तीन दिसाचं होतं," म्हणाली. "दातखीळ बसली होती. दूध घेत नव्हतं. सटवाईनं नेलं म्हने सारे. मेहकरच्या दवाखान्यात मांगं गेली होती ना मी तुमच्या खोकल्याचं औषिद आनाले, तं थ्या कंपौंडरले इचारलं. थो म्हने, नाळ काह्यानं कापली? म्हटलं, इळ्यानं. वैरन कापाच्या. थो म्हने, बाई, इळा उकळत्या पान्यातून काढला असता तं पोरगं वाचलं असतं."

मग पुन्हा निंदायला लागली.

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं झाली त्या पोराला. नाव नव्हतं ठेवलं. त्या वेळी सुईणीला विळा मीच गोठ्यातून काढून दिला होता. हे गोदाला ठाऊक आहे. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

वद्य ९, शनिवार

कालचं डोक्यातून जात नाही.

मास्तरीण. ती मास्तरीण व्हावी हे कुणाला वाटत होतं? खुर्ची, फळा, पोरांचा कलकलाट, हे तर माझं. मला शाळेच्या आत जायला मिळालं नाही म्हणून मी सुनेला धाडायला निघालो होतो. तिला कधी विचारलं? एकदाही नाही. बाईंनी निदान दोनदा विचारलं.

वद्य १३, बुधवार

कागद आला. आपली निवड झाली नाही. दोन ओळी. देऊळगावच्या त्या बाईची झाली म्हणून मोटरवाला सांगत होता, मास्तरणीसाठी. दुसरी मलकापूरकडची कुणी.

गोदानं वाचला. म्हणाली, "उद्या शिवरात्र हाय, रताळी काढा लागतीन."

काढली.

फाल्गुन शु. २, रविवार

किसन आला. होळीपर्यंत म्हणाला होता, आधीच आला. बैलगाडी शेगावला ठेवून मोटरीनं.

चांगला माणूस आहे. ओसरीवर बसला, पाणी प्याला, माझ्या पाया पडला. मग म्हणाला, "बुवा, तुमी देवमानूस हा. पन गावाचं तोंड कोन धरते? म्हतारा सासरा आन् जवान सून एका घरात. माह्या कानावर येते तिकडं वरवटात."

"काय येते?"

"आता तुमच्या तोंडावर काय सांगू."

राग आला. पण राग येऊन काय. म्हटलं, "नोकरी लागली असती तं?"

"तं मीच पोचवाले आलो असतो नागपूरले. डोक्यावर पेटी घेऊन. पन लागली काय?"

 लागली नाही, आणि का लागली नाही ते मीच जाणतो.

गोदा आतून ऐकत होती. तिला बोलावून विचारावं असं वाटलं. नाही विचारलं. ती जाते म्हणाली असती तरी घर मोडलं असतं, राहते म्हणाली असती तरी. बोलावलंच नाही.

शु. ४, मंगळवार

गेली.

सकाळी मला सगळं दाखवून गेली. मिरचीचं बी मोठ्या गाडग्यात, राखेत घालून. वांग्याचं फडक्यात, आढ्याला. खोकल्याची बाटली दोन चमचे, तीन नाही. ज्वारीचं पीठ चार दिवसांचं दळून ठेवलं. "मंग तुकारामबुवाच्या घरी दळून घ्याजा, लाजू नोका." किसन बाहेरून हाका मारत होता, मोटर जाईल म्हणून.

पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला.  शेवटी म्हटलं, "अक्षर गिरवत जा." कसलं हे बोलणं! जाणाऱ्या लेकराला हे सांगतात का?

"हाव मामाजी."

शु. ७, शुक्रवार

दोन माणसांचा स्वयंपाक केला. तिसरा दिवस हाच प्रकार. उरलेली भाकर गाईला.

शु. ८, शनिवार

बाजार. वांगी गेली, मेथी परत आली. एक गिऱ्हाईक बाई म्हणते, "सून नाई दिसत बुवा?" म्हटलं, माहेरी गेली. "बाळंतपनाले काय?" तिला माहीत नाही, नवी आहे गावात. मान हलवली फक्त. काय समजायचं ते समजली असेल.

शु. १०, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं.

पहिला कागद लिहून पाहिला: "कृपावंत बाईसाहेबांचे चरणी, आम्ही अज्ञान लोक, आपण मायबाप, आपले मनास येईल तसे..." वाचला आणि फाडला. अर्धा कागद नमस्कारातच संपला होता, मागणं कुठं नव्हतंच.

दुसरा असा लिहिला. गोदा माझी सून. ती आपल्यापुढं जे बोलली ते तिचं नव्हतं, मी पढवलेलं होतं. आमच्यात मोठ्यांनी दोनदा विचारलं तर नाही म्हणतात, तिसऱ्यांदा सांगतात. आपण तिसऱ्यांदा विचारलं नाही, हा आपला दोष नाही. मी वेडा. तिला बाळंतपणाचं काम शिकायचं आहे. तिचं मूल धनुर्वातानं गेलं. कापायचा विळा मी दिला होता. चूक माझी, तिची नाही. शिक्षा तिला होऊ नये.

लिहिताना 'धनुर्वात' दोनदा खोडला. तसाच पाठवला. स्वच्छ करत बसलो असतो तर धाडवलं नसतं.

पौर्णिमा, शनिवार

होळी. गोवऱ्या दिल्या, नैवेद्य तुकारामाच्या घरून. पोरांनी बोंबा मारल्या. लवकर आडवा झालो.

वद्य ३, मंगळवार

बाईंचं उत्तर. स्वतःच्या हातचं, बारीक अक्षर. चष्मा पुसून तीनदा वाचलं. थोडक्यात उतरवून ठेवतो:

तुमचे पत्र मिळाले. त्या दिवशी तुमची सून मला आवडली होती. सुईणीच्या कामासाठी तिचे नाव मी पहिले धरले होते. पण या कामात वेळी-अवेळी एकटीने जावे लागते, लोक नावे ठेवतात, रक्त पाहावे लागते. ज्या बाईला ते काम मनापासून हवे, तीच टिकते. तिने तसे म्हटले नाही, म्हणून मला नाव खोडावे लागले. ज्या दुसऱ्या बाईला घेतले, तिच्या घरच्यांनी आता पाठवणार नाही म्हणून कळवले आहे. गुढीपाडव्यापर्यंत जागा धरून ठेवू शकते. मात्र अर्ज तिच्या स्वतःच्या हातचा व स्वतःच्या शब्दांत हवा. तुमचा चालणार नाही.

शेवटची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. बरोबर आहे बाईचं. लागलं, पण बरोबर आहे.

पाडव्याला तेरा दिवस.

वद्य ४, बुधवार

पत्रानं कळवावं तर वरवटात किसनला वाचता येत नाही. आलेलं पत्र तो पटवाऱ्याकडं नेतो, तो चार लोकांत वाचतो. गोदाच्या हातात पडायच्या आधी गावाच्या तोंडी जाईल. नको.

जातो. मळ्याला पाणी तुकाराम देईल म्हणाला. म्हणाला, "या वयात कुठी हिंडता बुवा, पडसान कुठी तं." पडू.

वद्य ७, शनिवार. वरवट बकाल

काल निघालो, खामगावला मुक्काम, शेगावहून गाडी मिळाली. पूर्णेचं पात्र उतरताना हाडं खिळखिळी. ऊन तापायला लागलं आहे.

गोदा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला पाहून उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं. हाताला भेगा. अठरा दिवसांत माणूस इतकं वाळतं?

किसनच्या बायकोनं चहा केला. लेकरं भोवती. मग किसन आला. बाईंचं पत्र काढलं, सगळ्यांपुढं वाचून दाखवलं, लपवायचं काही नाही म्हणून.

किसन म्हणे, "बसली हाय ना आता घरात. पुन्हा कायले उकरता बुवा? आन् थे दाईपनाचं काम? आमच्या घरच्या बायका थे नाई करत."

"माह्याबी घरच्या नाई करत," म्हटलं. "म्हनूनच माहा नातू गेला."

 त्याची बायको आतल्या दारात होती, चौथं लेकरू काखेत. ती एकदम बोलली, "माह्या पयल्या पोरीले बी तसंच झालं होतं." कुणी तिला विचारलं नव्हतं. किसननं तिच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

मग मी गोदाकडं वळलो. सगळी भाषणं रस्त्यात पाठ केली होती, एकही आठवेना. म्हटलं, "मी तुले आजपर्यंत कधी इचारलं नाई. शिकवलं मी, पढवलं मी, काय व्हायचं थेबी मीच ठरवलं. आता नाई ठरवत. किसननंबी ठरवू नये. तुह्या मनात आता काय हाय थे तुलेच माहीत. नाई म्हनशीन तरी मी रागवत नाई."

ती मिरच्यांतले देठ काढत होती. हात थांबले नाहीत.

"जेवून घ्या मामाजी," म्हणाली. "भाकर थंडी होऊन राह्यली."

जेवलो. तिनं वाढलं. 

वद्य ९, सोमवार. शेगाव स्टेशन

बाकावर बसून लिहितो आहे. मोटरीला वेळ आहे.

काल दिवसभर ती कामातच. मी छेडलं नाही. किसनही माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलला, कापसाचं बोलला.

आज सकाळी गाडीत चढताना ती तांब्या घेऊन आली. पाणी प्यालो. तांब्या परत घेताना माझ्या हातात एक लखोटा दिला. जुन्या कागदाचा घरीच केलेला, पिठाच्या खळीनं चिकटवलेला, अजून ओलसर. वर डॉक्टरीणबाईंचं नाव. अक्षर तिचं, माझ्यासारखंच डावीकडं कलणारं.

"वाचू नोका मामाजी."

"नाई वाचत."

"पेटीत टाकजा फक्त."

किसन बैल जुंपत होता. त्यानं पाहिलं. मला वाटलं, आता पुढं होईल, हिसकावेल. तो जुवाची दोरी ओढत राहिला, बसलेली गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "निंघा बुवा, ऊन होते."

रस्ताभर लखोटा खिशात. आत एकच कागद असावा. येते म्हणून लिहिलं असेल, किंवा येणं होत नाही, क्षमा असावी म्हणून. दोन्हीला एकच कागद पुरतो. उन्हाकडं धरलं असतं तर दिसलं असतं. नाही धरलं.

आत्ता टाकला. पडल्याचा आवाज आला नाही. पेटीच्या तोंडातून हात घालून चाचपून पाहिलं, पण तोंड अरुंद, बोटंच जेमतेम आत जातात.